बिनचुलीचा नाताळ

मार्थम्मानं फ्रिजचं दार उघडलं आणि नाकाला पदर लावला.

वरच्या कप्प्यात हिरवी जेली होती. दाराच्या नुसत्या धक्क्यानं ती ताटलीत लटलट हलली आणि मग बराच वेळ हलतच राहिली, जणू आत काही जिवंत होतं. तिच्या खाली काचेच्या भांड्यात दुधात फुगलेला सब्जा. बेडकीनं डबक्यात सोडलेल्या अंड्यांसारखा, काळ्या काळ्या डोळ्यांनी बघणारा. त्याच्या बाजूला डबाभर पांढरं, चिकट, ना दही ना लोणी असं काहीतरी. मार्थम्मानं त्याला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि ते बोट पदराला न पुसता सरळ मोरीवर जाऊन राखेनं घासलं.

"रूथ, ह्या डब्यात काय गं हे? गळू पिकल्यावानी?"

सून बाहेरच्या खोलीत कागदी चांदण्या चिकटवत होती. तिथूनच हसली. "मेयोनीज हाय, अत्ते. बिनअंड्याचं. सँडविचला लावायचंय."

"माणसं खात्यात हे?"

"सगळे खातात आता."

"सगळे खात्यात म्हणून मी बी खायाचं का? सगळ्यांत कोण कोण येतंय, ते बघ आधी."

रूथ सोलापूरची. मे महिन्यात लग्न होऊन बसवकल्याणात आली, इंग्रजी शाळेत शिकवायला लागली, आणि सासरचा हा तिचा पहिला नाताळ. पोर गुणाची होती. जेलीची पाकिटं आणतानासुद्धा शाकाहाराचा हिरवा ठिपका बघून आणली होती, कारण येणाऱ्यांत निम्मी माणसं मांसमच्छी न खाणारी. मार्थम्माचा राग तिच्यावर नव्हताच. राग होता तो त्या पांढऱ्या कपाटावर, आणि त्यात निजवून ठेवलेल्या त्या गारढोण पदार्थांवर.

नाताळच्या दिवशी घरात गॅस पेटवायचाच नाही, असं नवराबायकोनं ठरवलं होतं. प्रभुदास हा मार्थम्माचा एकुलता एक मुलगा. बसस्टँडच्या रस्त्याला त्याचं नळ आणि फरशीचं दुकान. यंदा घरावर मजला चढला होता आणि त्याला सगळी गल्ली बोलवायची होती, पंचवीस-तीस माणसं. जे करायचं ते दोन दिवस आधी करून गार करून ठेवायचं. फळांचं सॅलड, बिस्किटांचं पुडिंग, काकडीची सँडविचं, दह्यात घोळलेले डाळिंबाचे दाणे. भिजवायचं, चिरायचं, थर लावायचे आणि फ्रिजचं दार लोटायचं.

"अत्ते, तुम्ही दर नाताळला चुलीपाशीच असता म्हणे," रूथ म्हणाली होती. "यंदा नवी साडी नेसून पाहुण्यांत बसायचं. काही उठायचं न्हाई."

बोलणं गोड होतं. पण चूल थंड असलेलं घर मार्थम्माला एकाच प्रसंगी माहीत होतं. घरात मढं असलं की. तेव्हा शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून घालतात आणि घरची माणसं खाली मान घालून ती गिळतात.

तसं तिला थंड खाण्याचं वावडं नव्हतं. पाचच दिवसांपूर्वी येळवस झाली होती, आपल्याकडची शेताची अमावस्या. आदल्या दिवशी ज्वारीची आंबील करून मडक्यात भरायची, डोक्यावर घेऊन रानात जायचं, आणि हिरव्या हरभऱ्याच्या कडेला बसून थंडगार प्यायची. मार्थम्मा चार वाट्या प्यायली होती. पण आंबील थंड असली तरी मेलेली नसते. रात्रभर मडक्यात ती जागी असते, आंबत असते, सकाळी झाकण काढलं की अंगावर येते. फ्रिजमधलं हे सगळं नुसतं थंड पडलेलं होतं.

ती आंबील प्यायली होती जगदेवीच्या रानात. दर वर्षी तिथंच प्यायची. आणि दर वर्षी तिचं पान इतरांपासून दोन हात बाजूला, बाभळीच्या अंगाला मांडलेलं असायचं. कोणी तिला तिथं बस असं म्हणत नसे. पान तिथं असायचं, म्हणून ती तिथं बसायची.

जगदेवी म्हणजे तिची शेजारीण. दोन घरांच्या मधे छातीएवढी भिंत. भिंतीच्या पलीकडं शंकरप्पांचं घर. डाळीचा व्यापार, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. बसवजयंतीच्या मिरवणुकीत शंकरप्पा सगळ्यांत पुढं असत, आणि मंचावर चढले की माणूस सगळा एकच, हे आधी कन्नडात आणि मग मराठीत सांगत. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. मार्थम्माही एकदोनदा ऐकून आली होती.

दोघी एकाच साली ह्या गल्लीत सुना म्हणून आल्या. पंचेचाळीस वर्षं झाली. जगदेवीचा पाय मोडला तेव्हा तीन महिने तिची वेणी मार्थम्मानं घातली. मार्थम्माचा नवरा गेला तेव्हा सगळ्यांत आधी भाकरी आली ती भिंतीवरून. भाकरी तिकडून इकडं येण्याला काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती इकडून तिकडं जाण्याला.

पहिल्या नाताळला नव्या सुनेच्या हौसेनं तिनं हुग्गी केली होती. गव्हाची खीर ती. कांडलेला गहू, गूळ, खसखस, खोबऱ्याचे काप. डबा भरून भिंतीवरून दिला. जगदेवीनं हसून घेतला, आणि रिकामा डबा परत देताना त्यात साखर घालून दिली. मार्थम्माला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या नाताळलाही दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपण काढताना तिची नजर सहज भिंतीपलीकडं गेली. म्हशीपुढच्या दगडी डोणीत हुग्गी होती. खोबऱ्याचे काप वर तरंगत होते आणि म्हैस जीभ काढकाढून ते शोधत होती.

तिनं विचारलं होतं. तेव्हा धीट होती.

"अगं, तुमच्या भांड्यात मांस शिजतंय न्हवं," जगदेवी म्हणाली होती. "माझं सोड. अत्ती हायत घरात. त्यास्नी चालत न्हाई, मार्थी."

खरं वाटलं मार्थम्माला. मांस न खाणाऱ्याला त्या भांड्याची शिसारी येणारच, त्यात काय? त्याच हप्त्यात तिनं बाजारातून पितळी भगुणं आणलं, पळी आणली, आणि दोन्ही वेगळ्या फळीवर फडक्यात बांधून ठेवली. दर डिसेंबरात कल्हई. त्या भगुण्यात मांस कधी शिजलं नाही, अंडंसुद्धा उकडलं नाही. घरात कोणी त्याला हात लावत नसे. प्रभुदास लहानपणी म्हणायचा, आई, हे भांडं काय देवाचं हाय का? ती म्हणायची, व्हय.

पण जगदेवीची सासू गेली तरी हुग्गी भिंत ओलांडेना. कधी सोमवार निघायचा, कधी उपास, कधी "आत्ताच जेवले बघ." केळी चालत. पेरू चालत. परसातला कढीपत्ता तर दिवसाआड लागायचा. भिंतीवरून नुसता हात यायचा. कच्चं सगळं चाले, शिजलेलं काही नाही. मग मार्थम्माला हळूहळू उमगलं. दोष भांड्याचा नव्हता, चुलीचा होता. तिच्या आजानं येशूचं नाव घेतलं त्याआधी त्याचं घर वेशीबाहेर होतं. देव बदलून तीन पिढ्या झाल्या, घर गावात आलं, आजाचे नातू इंजिनियर झाले. पण तिची चूल कुठं पेटते हे गाव विसरलं नव्हतं.

उमगलं तरी भगुणं तिनं फळीवरून उतरवलं नाही. दर नाताळला त्यात हुग्गी करायची, घरची माणसं खायची, आणि एक वाटी ती संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायची. कधीतरी, जगदेवीनं कुणाची आहे हे जाणून, तिच्या चुलीवरचा एक घास खावा, एवढंच तिला हवं होतं. वय सहासष्ट झालं. आता ह्यापुढं फार नाताळ उरले नव्हते.

म्हणून ती सुनेला म्हणाली, "तुझं सगळं होऊ दे गारेगार. पण माझी हुग्गी होणार."

"करा की, अत्ते. आदल्या दिवशी करा, मी गार करते. गारच चांगली लागेल ती."

चोवीस तारखेला सकाळी तिनं परसातली चूल पेटवली. रात्रभर भिजलेला गहू भगुण्यात टाकला आणि दोन तास हलत नाही अशी बसली. गहू फुटून लोण्यासारखा झाला तेव्हा गूळ घातला. वासानं गल्लीतली मांजरं भिंतीवर येऊन बसली. निवल्यावर रूथनं काचेचे ग्लास मांडले, प्रत्येकात खाली तीन बोटं हुग्गी, वर बिस्किटांचा चुरा, वर घोटलेलं दही, वर डाळिंबाचे दाणे. दिसायला देखणं झालं. पण ते ग्लास त्या जेलीच्या शेजारी फ्रिजमध्ये जाताना मार्थम्माचं तोंड कडू झालं. स्थळ न बघता पोरगी द्यावी तसं वाटलं.

नाताळला चर्चहून आले, आणि बाराच्या सुमाराला पाहुणे यायला लागले.

शंकरप्पा आले, पांढऱ्या फेट्यात. त्यांचा मुलगा शरणबसव आला, सून नेत्रावती आली. आणि त्यांच्या मागून जगदेवी, जरीची इरकल नेसून. ह्या घरात ती आजवर अनेकदा आली होती, पण उंबऱ्याशी बसायची आणि पाणी विचारलं तर "आत्ताच पिऊन आले" म्हणायची. आज सरळ आत येऊन सोफ्यावर बसली. गल्लीतली इतर मंडळीही आली. सराफाची, पिठाच्या गिरणीवाल्याची. ज्यांनी ह्या घरातला चहासुद्धा कधी घेतला नव्हता, तीही.

रूथनं ताटल्या मांडल्या आणि खाणं सुरू झालं. मार्थम्मा नवी साडी नेसून खुर्चीत बसली होती. सुनेनं बसवलं होतं तशी. आणि तिला बघावं लागत होतं.

गिरणीवाल्याच्या मिशीला मेयोनीज लागलं होतं आणि तो ते जिभेनं वर ओढून घेत होता. एक बाई सब्जाचे चमचे न चावता गिळत होती, गळ्याची हालचाल बाहेरून दिसत होती. जेलीचा तुकडा शंकरप्पांच्या चमच्यावरून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो ओठांनीच ओढला, सुर्रकन. सगळीकडं ओले, गार, मऊ आवाज. दाताखाली काही फुटत नव्हतं, कशाला वाफेचा वास नव्हता. माणसं जेवतायत असं वाटत नव्हतं, डबक्याकाठी गुरं उतरल्यासारखं वाटत होतं. आणि तरी मार्थम्मा आतून हरखली होती. खात होती ना माणसं. तिच्या घरात, तिच्या ताटल्यांत.

"अक्का, कसं हाय?" तिनं जगदेवीला विचारलं.

"झकास!" जगदेवीनं फळांचं सॅलड संपवत आणलं होतं. "लई बरं केलाव बघ तुम्ही. असंच करायचं. प्रभू परवा घरी येऊन सांगून गेला न्हवं, 'काकू, चूल पेटवणारच न्हाई, काहीच शिजवलेलं न्हाई, बिनधास्त या' म्हणून. मग आमचे बी म्हणाले, चूल न्हाई तर दोष न्हाई. चला."

बाजूची सराफीणही मान हलवून म्हणाली, "आमच्याकडं बी तसंच सांगितलं की त्यानं."

मार्थम्मा उठली. गुडघा कुरकुरला, तशीच आत गेली. प्रभुदास फ्रिजमधून पाण्याच्या बाटल्या काढत होता.

"घरोघर काय सांगून आलास तू?"

"काय सांगितलाव?"

"चूल पेटवणार न्हाई म्हणून."

प्रभुदासनं बाहेरच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग आले न्हवं सगळे? पंचेचाळीस वर्षांत खायला आलते का कधी? तू भगुणं घासत बसलीस, मी डोकं चालवलाव."

"रूथला माहीत हाय?"

"तिला कामून सांगायचं? तिला वाटतंय तुला आराम. तसंच वाटू दे की. कुणाचं काय बिघडलं?"

मार्थम्मानं त्याच्याकडं पाहिलं. चांगला शर्ट होता, इस्त्रीचा. त्याच्या हातातल्या बाटलीवरून थेंब ओघळत होते.

"तुझ्या आईच्या चुलीला दोष हाय, हे ते लोक मनात म्हणायचे रे. तोंडानं कुणी म्हणलं नव्हतं आजवर. ते तू म्हणून आलास. दारोदार फिरून."

"आई, आज सण हाय. नंतर बोल."

तिला उलटी येईल असं वाटलं. मेयोनीजनं आली नव्हती, आता येत होती. ती घोटभर पाणी प्यायली आणि बाहेर आली.

बाहेर रूथ ग्लास वाटत होती. हुग्गीचे ग्लास.

जगदेवीच्या हातात एक होता. मार्थम्मा समोरच्या खुर्चीत बसली आणि बघत राहिली. जगदेवीनं वरचे डाळिंबाचे दाणे खाल्ले. दही खाल्लं. चमचा बिस्किटाच्या चुऱ्यातून खाली गेला आणि तळातली हुग्गी वर आली. जगदेवीनं ती तोंडात घातली आणि तिचा जबडा क्षणभर थांबला.

गहू नुसता भिजवून असा फुटत नाही. फ्रिजमध्ये वर्षभर ठेवला तरी नाही. हुग्गी जगदेवीच्या माहेरची, तिच्या हाताखालून आजवर पोतंभर गहू गेला असेल. तिला न कळायला ती काही कालची पोर नव्हती.

जबडा पुन्हा हलू लागला. मग चमचा सरळ तळाला जायला लागला. दही बाजूला सारून, चुरा बाजूला सारून, जगदेवी फक्त हुग्गी खात होती. भरभर, ग्लास छातीशी धरून. तो संपल्यावर तिनं रूथला हाक मारली, "पोरी, आणखी एक दे गं. काय म्हणत्यात ह्याला?"

"नाव ठेवलं न्हाई अजून, काकू."

"बिनचुलीचं म्हणा!" जगदेवी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चूल न पेटवता अशी चव, बघा तरी!" आणि दुसऱ्या ग्लासात चमचा घातला.

पंचेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर चाललं होतं. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. गप्प बसलं तर पुढच्या नाताळलाही ती येईल, पुन्हा तळ खरवडून खाईल, आणि पुन्हा ओरडून सांगेल की चूल पेटलीच नाही. पोटात हुग्गी आणि तोंडात खोटं. म्हशीच्या डोणीपेक्षा हे बरं, असं मार्थम्मानं मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना. डोणीतली म्हैस निदान ओरडून काही सांगत नव्हती.

"अक्का," मार्थम्मा म्हणाली, "ती हुग्गी हाय."

जगदेवीनं वर पाहिलं नाही. "व्हय का? असंल."

"काल केली मी. परसातल्या चुलीवर, दोन तास बसून. ह्या हातानं."

खोलीतले ओले आवाज थांबले. शंकरप्पांचा चमचा ताटलीत टेकला. सराफिणीनं आपल्या हातातल्या ग्लासकडं असं पाहिलं की जणू त्यात पाल निघाली. नेत्रावतीचा चमचा तोंडापाशी अडला होता. तिनं सासूकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि चमचा चाटून घेऊनच ग्लास खाली ठेवला.

"शिजवलेलं काही न्हाई म्हणालतास की रे प्रभू," शंकरप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. मंचावरचाच होता तो आवाज.

प्रभुदास हसायला बघत होता. "काका, ते आईचं आपलं... सगळंच तसं न्हाई हो. एवढंच एक..."

रूथ हातात ट्रे धरून उभी होती. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती आणि तिला आत्ता कुठं काहीतरी दिसायला लागलं होतं. "शिजवलं तर काय झालं, काका?" तिनं विचारलं. अगदी सरळ विचारलं, वर्गातल्या पोरांना विचारतात तसं.

जगदेवी उठली. ग्लास टीपॉयवर ठेवला आणि मार्थम्माच्या जवळ येऊन हळूच, दात आवळून म्हणाली, "कामून सांगितलीस गं? खायलते की मी गप."

मार्थम्मानं मान वर केली. समोर पंचेचाळीस वर्षांच्या ओळखीचा तोंडवळा होता, विभूतीचे तीन पट्टे, ओठाच्या कोपऱ्याला चिकटलेली खसखस. त्या तोंडावर राग नव्हता. नुसता वैताग होता, एखाद्या अडाण्यानं नीट चाललेला व्यवहार बिघडवावा तसा.

"म्हणूनच सांगितले," मार्थम्मा म्हणाली.

मग सगळ्यांत वाईट ते झालं. शंकरप्पांनी बायकोकडं पाहिलं, आणि जगदेवी परसात गेली. नळ उघडल्याचा आवाज आला. तिनं खळाखळा चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा. ज्या तोंडानं दीड ग्लास हुग्गी खाल्ली, तेच तोंड. घशाखाली गेलेलं काही चूळ भरून वर येत नाही, हे तिलाही माहीत होतं. पण माणसांना आवाज ऐकू जायला हवा होता, आणि तो गेला. मग ती मागच्या दारानंच घरी गेली. तिच्या मागं शंकरप्पा, मग बाकीचे. कुणाला दुकान उघडायचं होतं, कुणाच्या घरी पाहुणे यायचे होते. पंधरा मिनिटांत घर रिकामं झालं. ताटल्यांमध्ये जेली राहिली, ऊन लागून पाणी सुटत चाललेली.

"मिळालं तुला समाधान?" प्रभुदास म्हणाला. "आता पुन्हा कुणी येतंय का बघ."

"न येईनात."

"तुला कळंना झालंय, आई. शरणबसवच्या ओळखीनं माझी दोन कामं..."

"ते बोलू नको माझ्यापाशी. तुझ्या तोंडाला बी वास मारायलाय."

तो दार आपटून गेला. रूथ ताटल्या गोळा करायला लागली. मग म्हणाली, "अत्ते, मला खरंच माहीत नव्हतं."

"ठावं हाय मला."

"हे सगळं... चूल न पेटवायचं... ह्यासाठी?"

मार्थम्मा उठली. ती परसात गेली. नळाखालच्या जाळीवर गव्हाचा एक फुटलेला दाणा अडकला होता. तिनं तो पायानं लोटला. गेला नाही. मग तांब्याभर पाणी ओतलं, तेव्हा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं प्रभुदासला न विचारता खाटकाकडून दोन किलो मटण आणवलं. नाताळला दर वर्षी व्हायचं, यंदा पाहुण्यांपायी राहिलं होतं. चूल पेटवली. कांदा, खोबरं, मिरच्या भाजून वाटल्या. मग स्टुलावर चढून फळीवरचं पितळी भगुणं काढलं. फडकं सोडून बाजूला टाकलं.

रूथ पाट्यापाशी बसली होती, तिचा हात थांबला. "अत्ते, हे तर ते..."

"भगुणं हाय. त्यात शिजवत असत्यात."

तेल टाकलं, मसाला टाकला, मटण टाकलं. भगुणं गव्हाच्या मंद आचेला सरावलेलं. मोठ्या जाळाला ते कडेनं काळं पडायला लागलं. कल्हई यंदाची होती, चकचकीत, तिच्यावर लाल तवंग चढला. मार्थम्माला फक्त शिसारी आली होती, कालच्यासारखीच, पण आता ती बाहेरच्या कशाची नव्हती. पंचेचाळीस वर्षं एक भांडं फडक्यात बांधून ठेवलं, कुणाच्या तरी जिभेसाठी, आणि पोराला सांगितलं की हे देवाचं आहे. पोरगा तेच बघत मोठा झाला. मग त्यानं दुसरं काय शिकायचं होतं?

रस्सा उकळला. वास भिंत ओलांडून गेला असणार. वाऱ्याला कोण अडवतं?

थोड्या वेळानं भिंतीवर बांगड्या वाजल्या आणि हात आला. तोच हात, तशाच हिरव्या बांगड्या.

"मार्थी, कढीपत्ता दे गं दोन काड्या." आवाजात कालचं काही नव्हतं. काल काही झालंच नव्हतं.

मार्थम्मा पळी घेऊन बसलेली होती, ती उठली नाही.

"कढीपत्ता न्हाई आज. सगळा रश्श्यात गेला," ती म्हणाली. "रस्सा हाय. हुग्गीच्या भगुण्यातला. तू खाईनास, ठावं हाय मला. पण घरात जे हाय ते हेच हाय, अक्का. शिजलेलं. देऊ का?"

हात भिंतीवर तसाच राहिला. बोटं थोडी हलली.

तो हात परत गेला की राहिला, हे बघायला मार्थम्मा थांबली नाही. भगुण्याच्या तळाला मसाला लागायला लागला होता. तिनं पळी खोल घातली आणि खालून वर ढवळलं.